लंडनमधील दोन दिवसांचे ‘डेगेम’ प्रशिक्षण: एका विद्यार्थ्याचा अभिप्राय

नोकरीसाठी लंडनला आल्यानंतर पहिल्या दीड वर्षात ऑफिसबाहेरच्या एकाही मुलीशी माझे पाच मिनिटे बोलणे झाले नव्हते. स्वभाव मुळातच भिडस्त आणि शहर नवे, म्हणून गेल्या उन्हाळ्यात ६०० पौंड भरून मी एका खासगी संस्थेच्या शनिवार-रविवारच्या प्रशिक्षणाला गेलो. भर दिवसा, रस्त्यात, अनोळखी मुलीला थांबवून तिच्याशी ओळख कशी वाढवावी हे तिथे शिकवतात आणि या प्रकाराला ‘डेगेम’ म्हणतात. आम्ही सहा जण होतो, त्यांत दोघे भारतीय. इथे नव्याने येणाऱ्या आपल्या मुलांना अशा जाहिराती सतत दिसतात आणि एकटेपणात त्या पटूनही जातात, म्हणून हे मुद्दाम मराठीत लिहितो आहे.

शनिवारची सकाळ चांगली गेली, हे आधी नोंदवतो. ताठ उभे राहणे, पुटपुटण्याऐवजी स्पष्ट बोलणे, डोळ्यांत पाहणे, ही तालीम मला उपयोगी पडली. पण एवढे कोणत्याही नाट्यशिबिरात शिकता येते.

खरा अभ्यासक्रम दुपारी सुरू झाला आणि तो जुनाच आहे. अमेरिकेत रॉस जेफ्रीज यांनी न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंगच्या (शब्दांनी समोरच्याच्या मनावर प्रभाव पाडता येतो, असा दावा करणाऱ्या तंत्राच्या) नावाने ही विद्या विकायला सुरुवात केली, ‘मिस्ट्री’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एरिक फॉन मार्कोविक या कॅनडाच्या जादूगाराने तिला पायऱ्यांची शिस्त लावली, आणि नील स्ट्रॉस या पत्रकाराच्या २००५ मधील पुस्तकामुळे ती जगभर पोहोचली. मुलगी दिसल्यापासून तीन सेकंदांच्या आत पुढे व्हायचे, म्हणजे मनाला कच खायला वेळ मिळत नाही. ‘मला दोनच मिनिटे आहेत’ असे खोटेच सांगायचे, म्हणजे ती सावध होत नाही. आणि कौतुकाच्या आवरणात हलकासा टोमणा मारायचा, म्हणजे तिला आपली मर्जी मिळवावीशी वाटते. या टोमण्याला ‘नेगिंग’ म्हणतात. ज्या मुलीशी मला मैत्री करायची आहे, तिचा आत्मविश्वास पहिल्याच मिनिटाला थोडा खच्ची करायचा, हे मला तेव्हाही खटकले होते. पण पैसे भरलेले होते आणि समोरचा माणूस अतिशय खात्रीने बोलत होता.

रविवारी ऑक्सफर्ड सर्कस स्टेशनच्या बाहेर आमच्यापैकी एकाने, शिकवल्याप्रमाणे, एका मुलीला मागून धावत जाऊन गाठले आणि वळून तिच्या समोर उभे राहून थांबवले. तिने कानातला एक इअरफोन काढला, दुसरा तसाच ठेवला. ती हसत होती, पण तिचे एक पाऊल स्टेशनच्या जिन्याकडे वळलेले होते आणि खांद्यावरची बॅग तिने पोटाशी ओढून घेतली होती. ‘सॉरी, मला उशीर होतोय,’ असे ती दोनदा म्हणाली. शेजारी उभे असलेले प्रशिक्षक हळूच मला म्हणाले, ‘हसते आहे बघ, ही परीक्षा घेते आहे, त्याने हटता कामा नये.’

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. मुलीचा नकार म्हणजे ती घेत असलेली परीक्षा, असे एकदा मनावर बिंबले की तो नकार म्हणून ऐकूच येत नाही. अनोळखी पुरुषाने वाट अडवल्यावर कितीतरी मुली हसतात, कारण हसून सुटका करून घेणे त्यांना सर्वांत सुरक्षित वाटते. ते हसू आमच्या वहीत ‘रस आहे’ म्हणून लिहिले जात होते. मराठीत ‘पटणे’ हे दोघांचे असते आणि ‘पटवणे’ एकट्याचे. आम्हाला दोन दिवस फक्त दुसरे शिकवले.

ही विद्या कुठवर जाते याचे उदाहरण ब्रिटनने पाहिलेले आहे. स्त्रियांना हिसका देऊन जवळ ओढण्याचे धडे देणारा अमेरिकन प्रशिक्षक ज्युलियन ब्लँक याला नोव्हेंबर २०१४ मध्ये इथल्या सरकारने प्रवेश नाकारला, आणि त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाने त्याचा व्हिसा रद्द केला. अशीच शिकवणी भारतात ऑनलाइन घेणाऱ्यांनी भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ वाचावे: स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दाखवल्यावरही ओळख वाढवण्यासाठी वारंवार तिच्या मागे जाऊन संपर्क साधणे किंवा तसा प्रयत्न करणे हा गुन्हा आहे आणि पहिल्या वेळी त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दोन दिवसांत मी २३ मुलींशी बोललो आणि दोघींचे नंबर मिळाले. त्यांतला एक लागलाच नाही. दुसरीने दोन निरोपांनंतर उत्तर देणे थांबवले, तेव्हा मीही थांबलो. तिला आणखी चार निरोप पाठवावेत, असा सल्ला मला संस्थेकडून ईमेलने आला होता. हे प्रशिक्षण मी कोणालाही सुचवणार नाही.

संस्थेने आमचे संवाद रस्त्यापलीकडून चित्रित केले होते, हे मला नंतर त्यांच्या जाहिरातीत कळले. त्या जाहिरातीत इअरफोन काढणारी ती मुलगी आहे आणि मागे उभा असलेला मी आहे. ती चित्रफीत काढून टाकावी असे मी लेखी कळवले. माझा चेहरा धूसर करण्याची तयारी त्यांनी दाखवली. तिच्या चेहऱ्याबद्दल अजून उत्तर आलेले नाही.