वासाची स्ट्रॉबेरी घरी लावायचीय? अल्पाइन, मस्क, मारा दे ब्वा आणि मीत्से शिंडलर, नक्की कोणती घ्यायची

दुकानातली स्ट्रॉबेरी कधीकधी चांगली गोडही निघते, तक्रार गोडीची नाहीच आहे. डबा उघडला की खोलीभर जो वास सुटायला पाहिजे तो सुटत नाही, ही तक्रार आहे. आणि तो वास एकदा कुठे मिळाला असेल ना, तर माणूस मग त्याच्या मागेच लागतो. मी पण लागले. त्यामुळे आता कुणी विचारलं की घरी दुर्मिळ जात लावायचीय, कोणती लावू, तर मी आधी उलट विचारते, तुम्हाला वास पाहिजे, भरपूर फळं पाहिजेत की वेगळं दिसणारं काहीतरी पाहिजे? तिन्ही एका रोपात मिळत नाही आणि इथेच बहुतेकांची निवड चुकते.

या जाती दुर्मिळ का झाल्या ते आधी बघा म्हणजे पुढचं सोपं जाईल. स्ट्रॉबेरी तोडल्यावर गोड होत नाही, रंग चढतो फक्त, त्यामुळे लांब पाठवायचं फळ थोडं आधी तोडावं लागतं आणि त्याची सालही टणक असावी लागते. जी फळं मऊ, बारीक, दुपारपर्यंत पाणी सुटणारी, ती बाजारातून बाद झाली, आणि नेमका त्यांच्यातच वास होता. या खास वासाचा एक महत्त्वाचा भाग मिथाइल अँथ्रॅनिलेट नावाच्या पदार्थाचा असतो, कॉन्कॉर्डसारख्या वासाच्या काळ्या द्राक्षांमध्ये पण तोच असतो, आणि आजच्या बहुतेक व्यापारी जातींमध्ये तो जवळजवळ सापडत नाही. जंगली स्ट्रॉबेरीत आहे, मारा दे ब्वामध्ये आहे, मीत्से शिंडलरमध्ये आहे. घरी आपल्याला फळ कुंडीपासून तोंडापर्यंतच न्यायचं असतं, त्यामुळे मऊपणाची काळजी करायचं कारणच नाही.

आता खरी तुलना. नव्वद टक्के लोकांचा निर्णय अल्पाइन की मारा दे ब्वा इथेच येऊन अडतो म्हणून त्यावरच जास्त लिहिते.

अल्पाइन म्हणजे जंगली स्ट्रॉबेरीचीच, फ्रॅगारिया वेस्काची, वर्षात बराच काळ फळत राहणारी जात. रुगेन, बॅरन सोलेमाखर, अलेक्झांड्रिया ही यातली नावाजलेली नावं. यांना रनर, म्हणजे जमिनीवर पसरून पुढे नवं रोप धरणारे दोरे, येत नाहीत, झुडूप जागच्या जागी गोल वाढतं, त्यामुळे गॅलरीतल्या कुंडीसाठी किंवा वाफ्याच्या कडेला लावायला याच्याइतकं शहाणं रोप नाही. बियांपासून आईसारखंच रोप येतं, म्हणजे महागडी रोपं शोधत फिरायला नको, एक पाकीट बी पुरतं. फळ मात्र एक-दोन ग्रॅमचं, नखाएवढं. वास इतका की पिकलेली चार फळं वाटीत ठेवली तरी कळतं. पण दहा-बारा रोपं असल्याशिवाय मूठभर फळं एका वेळी मिळत नाहीत हे आधीच मनाशी धरा, दोन रोपं लावून मुलांना वाट बघायला लावलंत तर मुलंही हिरमुसतील आणि तुम्हीही. आणि तोडायची घाई केली तर अल्पाइनला काहीच चव लागत नाही. बोट लावल्यावर फळ देठ सोडून अलगद हातात आलं पाहिजे, तेव्हाच ते पिकलं. अनेक जण लाल दिसलं की तोडतात आणि मग सांगतात की उगाच कौतुक ऐकलं होतं, तिथे मला खरंच वाईट वाटतं कारण अजून दोन दिवस थांबले असते तर मत बदललं असतं.

मारा दे ब्वा ही फ्रान्समधल्या जाक मारिओने यांनी तयार केलेली, १९९१ साली बाजारात आली. नावात जंगल आहे (फ्रेंचमध्ये ब्वा म्हणजे जंगल) म्हणून लोक समजतात की ही जंगली स्ट्रॉबेरीचा संकर आहे, तसं नाही, हिचे पूर्वज जेन्टो, ओस्तारा, रेड गॉन्टलेट आणि कोरोना असे चारही मोठ्या फळांच्या बागायती जातींचे. वास मात्र खरंच जंगली स्ट्रॉबेरीकडे झुकणारा. फळ दुकानातल्यापेक्षा लहान पण अल्पाइनच्या कितीतरी पट मोठं, आणि एकदाच बहर येऊन संपत नाही, हवा मानवली तर थांबत थांबत महिनोन्महिने देत राहते. सहा रोपांत घरातल्या दोघा-तिघांना अधूनमधून पोटभर खाता येईल एवढी फळं निघतात. रनर येतात, त्यावरून नवीन रोपं करता येतात. म्हणजे वास आणि प्रमाण दोन्ही थोडं थोडं पाहिजे असेल तर हीच. शुद्ध वासात मी अल्पाइनला झुकतं माप देते पण एकच जात ठेवायची सक्ती झाली तर मारा दे ब्वा ठेवेन, त्यात मला शंका नाही.

कडक उन्हाळा असेल तर एक लक्षात घ्या. अशा सतत फळणाऱ्या जाती तापमान तीस अंशांच्या आसपास किंवा वर गेलं की फुलं धरायच्या थांबतात. रोप मेलेलं नसतं, विसावलेलं असतं, दुपारची सावली आणि मुळाशी गारवा ठेवला तर हवा उतरल्यावर परत सुरू होतं. एकदाच बहर येणाऱ्या जातींचं गणित उलटं, त्यांची फुलं दिवस लहान आणि हवा गार असताना आत तयार होतात, थंडीच नसेल तर पुढे फुलंच कमी येतात.

मस्क स्ट्रॉबेरी, फ्रॅगारिया मोस्काटा, हा माझा सगळ्यात लाडका विषय आणि नवख्या माणसाला मी सगळ्यात शेवटी सुचवते तो पण हाच. चव सांगायला अवघड आहे. स्ट्रॉबेरी, मग अननस, मग कस्तुरीसारखं काहीतरी जड, आणि ते जिभेवर बराच वेळ राहतं. काहींना हा वास फार उग्र वाटतो, तेव्हा शक्य असेल तर आधी कुणाकडे एक फळ खाऊन बघा. फळ दिसायला साधंच, एका बाजूने मळकट लाल-जांभळं आणि सावलीच्या बाजूने फिकट, कुणी फोटो काढणार नाही असं. इटलीतली प्रोफुमाता दि तोर्तोना आणि जुनी काप्रों ही शोधण्यासारखी नावं.

अडचण अशी की या जातीत नर आणि मादी रोपं बहुतेक वेगळी असतात. प्रोफुमाता दि तोर्तोना मादी आहे, एकटी लावली तर फुलेल भरपूर आणि फळ धरणार नाही. मी पहिल्यांदा मागवलेली सहाही रोपं मादी निघाली, विकणाऱ्याने पाटीवर काही लिहिलं नव्हतं आणि मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही, पूर्ण हंगाम नुसती पांढरी फुलं बघत काढला. फुलात पिवळे टपोरे पुंकेसर दिसले तर ते रोप परागकण देणारं, मधे नुसता हिरवट गोळा आणि भोवती सुकल्यासारखे बारीक तंतू असतील तर मादी. पाच-सहा मादींमागे याच जातीचं एक नर किंवा दोन्ही अंगं असलेलं रोप लागतं. शिवाय रनर इतके सोडते की मोकळ्या जमिनीत वर्षभरात वाफा व्यापते, आणि फळं वर्षातून एकदाच. अल्पाइन कुंडीत सुखाने राहते, मस्कला जमीन पाहिजे आणि दोन वर्षांचा धीर पाहिजे.

मीत्से शिंडलर याच स्वभावाची पण मोठ्या फळांच्या घराण्यातली. जर्मनीत ड्रेस्डेनजवळ पिल्नित्सला ओटो शिंडलर यांनी १९२५ च्या सुमारास तयार केली आणि बायकोचं नाव दिलं. गडद लाल, रास्पबेरीची आठवण करून देणारी, आणि इतकी मऊ की तोडल्या तोडल्या खायची. हिचीही फुलं मादीच, पण इथे उपाय सोपा आहे, शेजारी कुठलीही नेहमीची मोठ्या फळाची स्ट्रॉबेरी लावा, मारा दे ब्वा असेल तर उत्तमच कारण ती बराच काळ फुलत असते. परागकण दुसऱ्याचे म्हणून फळाची चव बदलत नाही, आपण खातो तो गर आईच्याच रोपाचा असतो, ही भीती बऱ्याच जणांना असते म्हणून सांगितलं. गंमत म्हणजे आजच्या सगळ्या बागायती स्ट्रॉबेरीची गोष्टच अशा एकट्या मादी रोपांपासून सुरू होते, १७१४ मध्ये फ्रेझिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने चिलीहून मोठ्या फळाची पाच रोपं जगवून आणली, ती मादी होती, आणि उत्तर अमेरिकेच्या जातीशी त्यांचा संकर झाला तेव्हा आपली आजची स्ट्रॉबेरी जन्मली.

जुन्या जातींत इंग्लंडची रॉयल सॉव्हरिन, १८९२ ची, आणि अमेरिकेतली १८९० ची मार्शल ही नावं पण सतत ऐकू येतात. मार्शल तर एकेकाळी तिकडे चवीचं मापच समजली जायची आणि मग विषाणूंनी जवळपास संपवली. फ्रान्सची गारिगेत त्या मानाने नवी, आंबटगोड, लवकर येणारी, आणि आंबटपणा आवडणाऱ्याला मारा दे ब्वापेक्षाही जास्त आवडेल. पण मीत्से आणि या तिघींत एकच निवडायची तर माझा कौल मीत्सेला, कारण बाकीच्यांची निरोगी रोपं मिळणं जास्त अवघड जातं आणि विषाणू लागलेलं रोप आणून जुन्या जातीची चव बघतोय असं समजणं म्हणजे तिच्यावर अन्यायच.

पांढऱ्या पाइनबेरीबद्दल थोडक्यात. दिसायला फार सुंदर, पांढरं फळ लाल बिया, वास अननसाचा हलका. फळं कमी आणि चव हवेवर फार अवलंबून. फिकट रंगाचंच फळ पाहिजे आणि चवही पाहिजे तर यलो वंडर ही पिवळी अल्पाइन घ्या, पक्ष्यांचं लक्षही पिवळट फळांकडे कमी जातं, लालवर मात्र टपून बसतात.

रोपं घेताना फसू नका. निळ्या स्ट्रॉबेरीचं बी विकायला असतं, अशी स्ट्रॉबेरी अस्तित्वातच नाही. मारा दे ब्वा किंवा मीत्सेचं बी म्हणून कुणी देत असेल तर नको म्हणा, मोठ्या फळाच्या जाती बियांपासून तशाच येत नाहीत, रनरचं किंवा टिश्यू कल्चरचंच (प्रयोगशाळेत वाढवलेलं) रोप पाहिजे. ओळखीतून फुकट मिळालेली रोपं आखूड, सुरकुतलेल्या पानांची असतील तर घेऊ नका, मावा तो विषाणू तुमच्या चांगल्या रोपांवर पण नेईल. काही नव्या जातींवर पैदासकाराचे हक्क असतात, त्यांची रोपं करून वाटण्याआधी तेवढं बघून घ्या.

लावताना मधला कोंब मातीच्या बरोबर पातळीत ठेवा, गाडला तर कुजतो आणि वर राहिला तर सुकतो. माती किंचित आम्लधर्मी, साडेपाच ते साडेसहा सामू (pH), पाण्याचा निचरा चांगला, नत्र जास्त नको नाहीतर पानंच वाढतात आणि फळ पाणचट लागतं. अल्पाइनचं बी तीन-चार आठवडे फ्रिजमध्ये ठेवून मग ओल्या मातीवर नुसतं पसरायचं, झाकायचं नाही, त्याला उजेड लागतो, आणि महिनाभर काही दिसलं नाही तरी ट्रे फेकू नका.

गॅलरी आणि पाच-सहा कुंड्या असतील तर मारा दे ब्वाची चार आणि उरलेल्यात अल्पाइन दाटीने. नुसती एक खिडकी असेल तर फक्त अल्पाइन. छोटा वाफा असेल तर मारा दे ब्वा आणि मीत्से शेजारी शेजारी. मस्क त्यालाच, ज्याच्याकडे एक कोपरा असा आहे की तो पूर्ण व्यापला तरी चालेल, आणि ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला नर रोप कुठलं ते लेखी विचारा, उत्तर आलं नाही तर दुसरीकडे बघा.