एएफओच्या मॉक इंटरव्ह्यूला ३,००० मोजले, त्याचा हिशेब

आयबीपीएस म्हणजे सरकारी बँकांची भरती घेणारी संस्था. तिच्या एएफओची, म्हणजे बँकेतल्या कृषी फील्ड ऑफिसरच्या पदाची, मेन्स (मुख्य परीक्षा) निघाली तेव्हा रूमवरची पोरं म्हणाली, आता क्लास कशाला लावतोस? फायनलला ८० टक्के वजन मेन्सचं, इंटरव्ह्यूचं फक्त २०. बरोबर आहे, पण माझी मेन्स काठावरची होती आणि काठावरच्याला त्या २० वरच बसायचं असतं. शिवाय इंटरव्ह्यूत १०० पैकी ओपनला ४० आणि आम्हा ओबीसींना ३५ टक्के पडलेच पाहिजेत. तिथं घसरलो तर मेन्सचे मार्क धुऊन प्यायचे.

म्हणून सदाशिव पेठेतल्या एका क्लासमध्ये पैसे भरले. ३,००० रुपयांत तीन मॉक, एक ग्रूमिंग सेशन, प्रत्येक मॉकचं रेकॉर्डिंग आणि कागदपत्रांची तपासणी. नाव लिहीत नाही. त्या गल्लीत अशी पाच-सहा पॅकेजं आहेत, माझा अनुभव कुठल्याही बोर्डाखाली चालेल.

आधी ग्रूमिंग सेशन, म्हणजे ते एकदाचं संपेल. एका हॉलमध्ये साठेक पोरं, पंखे तीन. दोन तास टायची गाठ, हात कसा मिळवायचा, हसताना दात किती दाखवायचे. शेवटी त्याच वक्त्यानं ब्लेझर भाड्यानं देणाऱ्या दुकानाची कार्डं वाटली. मी फिकट निळा फुल शर्ट आणि काळी पँट घालून गेलो, कुणी काही बोललं नाही. बुटांना मात्र पॉलिश करा, खुर्चीकडे चालत जाताना पॅनेलला तेच दिसतात.

पहिला मॉक वाया गेला. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' इंग्रजीत पाठ केलेलं, तिसऱ्या वाक्याला अडकलो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. शाळेत कविता विसरल्यावर करतो तसं. समोरचे दोघे क्लासचेच शिक्षक होते. त्यांनी 'कॉन्फिडन्स वाढवा' एवढं लिहून दिलं. तो कुठं मिळतो ते लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या मॉकला बँकेतून रिटायर झालेले एक साहेब होते. माझे पैसे इथं वसूल झाले. त्यांनी फॉर्म बघितला, शेती असं वाचलं आणि विचारलं, "ऊस आहे का?"

"आहे सर, दोन एकर."

"उसाचं पीककर्ज थकलं तर एनपीए कधी होतं?"

एनपीए म्हणजे बँकेच्या लेखी थकीत झालेलं कर्ज. मी ठणकावून सांगितलं, ९० दिवसांनी. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"अडसाली ऊस किती महिने रानात उभा असतो?"

"सोळा ते अठरा, सर."

"हे तुला माहीत आहे. मग ज्याचा ऊसच तुटला नाही त्याला तू ९० दिवसांत थकबाकीदार कसा करतोस?"

मग त्यांनी समजावलं: पीककर्जाला दिवस नाही, हंगाम मोजतात. कमी मुदतीच्या पिकाला थकल्यापासून दोन हंगाम, वर्षापेक्षा जास्त लांबणाऱ्याला एक. हे माझ्या नोट्समध्ये होतं, पिवळं हायलाइट करून. पण ते वाचताना मला आमचा ऊस एकदाही आठवला नव्हता.

पुढे त्यांनी केसीसी, म्हणजे किसान क्रेडिट कार्ड विचारलं. मी सुरू झालो, योजना १९९८ ची, ३ लाखांपर्यंत ७ टक्के व्याज, वेळेत फेडलं की ३ टक्के सूट, म्हणजे ४. त्यांनी मधेच थांबवलं. "वडील ३१ मार्चला काय करतात?"

मला आधी लाज वाटली, मग सांगितलं. नवं-जुनं करतात. शेजारच्या गावातल्या एकाकडून शेकडा तीननं पैसे उचलतात, सोसायटीत भरतात, आठ-दहा दिवसांत नवं कर्ज निघालं की त्याला परत करतात. कागदावर वेळेत फेड, सवलतही शाबूत. साहेब म्हणाले, "हेच सांग. वडिलांचं नाव नको घेऊस, 'आमच्या भागात असं होतं' म्हण. आणि फील्ड ऑफिसर म्हणून तू काय करशील ते पुढे जोड. बाकीची पन्नास पोरं ७ वजा ३ करून दाखवणार आहेत." एवढ्या एका वाक्यासाठी मी ३,००० पुन्हा देईन.

आता रेकॉर्डिंग. कबूल होतं त्याच संध्याकाळी. मिळालं चौथ्या दिवशी, तेही पाच फोन केल्यावर. काउंटरवरची ताई प्रत्येक वेळी "सर मीटिंगमध्ये आहेत." आलं ते अर्धं मुकं, माइकच बंद. पैसे परत मागितले तर "पॉलिसी नाही." पण गंमत अशी की मुकं होतं म्हणूनच मला दिसलं. माझा उजवा पाय शिलाई मशीनवर ठेवल्यासारखा सतत हलत होता. आणि उत्तर येत नसलं की मी घड्याळाचा पट्टा सोडून पुन्हा लावत होतो. घरी आईला दाखवलं तर म्हणाली, "तू दहावीच्या रिझल्टलाबी असंच करत हुतास." तिसऱ्या मॉकला घड्याळ खिशात ठेवलं.

कागदपत्रांच्या तपासणीला पूर्ण मार्क. तिथल्या मॅडमनी माझी फाइल दोन मिनिटांत परत केली. ओबीसीचा दाखला राज्याच्या नमुन्यातला होता, आयबीपीएसला केंद्राच्या नमुन्यातला, नॉन-क्रिमीलेयरच्या मजकुरासह लागतो. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं बार्शी गाठली. हा घोळ इंटरव्ह्यूच्या दारात कळला असता तर घड्याळ खिशात ठेवून काय उपयोग होता?

पाचपैकी साडेतीन. अर्धा माइकचा कापला, एक ब्लेझरवाल्याचा. जाणार असाल तर पैसे भरण्याआधी विचारा की पॅनेलवर बँकेतला माणूस कुठल्या दिवशी असतो, आणि तोच दिवस घ्या. रेकॉर्डिंगसाठी पेन ड्राइव्ह स्वतःचा न्या, कॉपी झाल्याशिवाय जिना उतरू नका. माझा इंटरव्ह्यू गेल्या मंगळवारी झाला. पीककर्ज विचारलं, ऊस नाही विचारला. द्राक्ष विचारलं.