चोडणच्या खारफुटीतील होडीसफर: एक परीक्षण

गोव्यात रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर उतरले की सलीम अली पक्षी अभयारण्याच्या परिसरातील खाड्यांत मार्गदर्शकासह होडीने फिरता येते. सजीव आणि त्यांचा परिसर एकमेकांना कसे घडवतात, हा उत्क्रांती आणि परिस्थितिविज्ञान यांना जोडणारा प्रश्न अशा सफरीत कितपत उलगडतो, या निकषावर मी हे परीक्षण लिहीत आहे.

झाडे दाखवण्यात आमचा मार्गदर्शक उत्तम होता. तिवराच्या पानांवर साचलेले मिठाचे कण त्याने बोट फिरवून पाहायला लावले, चिखलातून वर आलेली श्वसनमुळे दाखवली, आणि कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजून लांब शेंगेसारखे कसे लोंबते, हेही जवळून दाखवले. तिवर आत आलेले मीठ पानांतून बाहेर टाकतो, तर कांदळ ते बऱ्याच अंशी मुळांशीच अडवतो. ही दोन झाडे वेगवेगळ्या कुळांतली असून खाऱ्या चिखलात तगण्याची क्षमता दोघांच्या पूर्वजांत स्वतंत्रपणे विकसित झाली, ही मला या सफरीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. ती मात्र त्याने सांगितली नाही. 'निसर्गाने सोय केली' एवढ्यावर विषय संपला.

ही उणीव किरकोळ नाही, कारण अशा वाक्याने उत्क्रांती केव्हाच घडून संपली असा समज होतो. ती आजही घडताना मोजता येते: पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्याने पॅसिफिक महासागरातील गालापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर बेटावर 1973 पासून फिंच पक्ष्यांची मोजमापे घेतली. 1977 च्या दुष्काळात लहान, मऊ बिया संपल्या, उरलेल्या मोठ्या, कडक बिया फोडू शकणारे मोठ्या चोचीचे पक्षी अधिक प्रमाणात तगले आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच मोठी निघाली. परिसर बदलल्यावर एवढ्या थोड्या काळात निवड घडते हे मोजून दाखवता आल्यामुळे, अशा बदलांचा पुन्हा परिसरावर काय परिणाम होतो हा प्रश्न आज या शास्त्राच्या अग्रभागी आहे.

गोव्यात हा प्रश्न समजून घ्यायला खाजणाइतकी, म्हणजे खाडीकाठी बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीइतकी, योग्य जागा नाही. क्षार सोसणारे कोरगुट भात शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बियाणे राखून जपले. त्यात माणसाची निवड आणि खाऱ्या मातीची निवड एकत्र काम करत आली. समुद्राची पातळी वाढत असताना बांधामागे क्षार वाढले तर कोणते वाण टिकेल आणि खारफुटीला मागे सरकायला जागा उरेल का, हे प्रश्न मानशीजवळ (बांधातील पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दरवाजाजवळ) होडी थांबवून सहज मांडता आले असते.

एवढे असूनही सफर करावी, मात्र ओहोटीची वेळ मागून घ्यावी; भरतीत श्वसनमुळे पाण्याखाली जातात.