सर्च रिपोर्ट निर्वेध, तरी घर दुसऱ्याचं

2006 साली तालुक्याच्या गावी आम्ही एक जुनं घर विकत घेतलं. विकणाऱ्या काकू विधवा, मूलबाळ नाही. मिळकत पत्रिकेवर एकट्या त्यांचं नाव, तेही वारस नोंदीने लागलेलं. वकिलांनी 30 वर्षांचा सर्च काढला, म्हणजे दुय्यम निबंधकाकडच्या नोंदी तपासल्या; निर्वेध निघाला, कुणाचा बोजा की हक्क नाही. खरेदीखतावर साक्षीदार म्हणून काकूंच्या पुतण्याने सही केली. पेढेही त्यानेच वाटले!

2021 मध्ये काकू वारल्या. तेरावं उरकलं आणि त्याच पुतण्याची नोटीस आली, घर खाली करा. सोबत काकांच्या नोंदणीकृत मृत्युपत्राची नक्कल. पत्नीने तहहयात राहावं, विकू नये, गहाण टाकू नये. तिच्या पश्चात घर पुतण्याचं. त्या मृत्युपत्रावर साक्षीदार कोण, तर आम्हाला घर दाखवणारा दलाल. काकूंना यातलं किती ठाऊक होतं, देव जाणे.

सर्चमध्ये हे दिसलं कसं नाही? खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे पुस्तक 1 मध्ये जातं आणि सर्चमध्ये पाहतात तो इंडेक्स 2, म्हणजे मिळकतवार सूची, त्याचाच असतो. मृत्युपत्र जातं पुस्तक 3 मध्ये. शिवाय त्याची नोंदणी सक्तीची नाही, कुणाच्या ट्रंकेतही पडलेलं असू शकतं. नोंदलेलं असेल तर करणारा वारल्यावर कोणीही नक्कल मागू शकतो, ती मागाच. आणि घरच्या पुतण्या-भाच्यांची सही साक्षीदार म्हणून नको, ‘मान्यता देणार’ म्हणून, म्हणजे विक्री मान्य असल्याची, घ्या. साक्षीदार उद्या खुशाल म्हणतो, मी फक्त सही होताना पाहिली, आतला मजकूर मला काय माहीत.

‘बारा वर्षांवर ताबा आहे, कोण काढतो तुम्हाला,’ असं शेजारी धीर देतात. पण मुदत कायद्याच्या अनुच्छेद 65 प्रमाणे अशा पुढच्या हक्कदाराची, इथे पुतण्याची, दावा लावायची 12 वर्षं हयातीचा हक्क संपल्यावरच सुरू होतात, म्हणजे 2021 पासून.

आमच्या वकिलांची भिस्त हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 14(1) वर आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 1977 च्या तुलसम्मा निकालावर आहे. पोटगीच्या हक्कापोटी मिळालेली मिळकत विधवेच्या पूर्ण मालकीची होते, असं त्यांचं म्हणणं. समोरचे 14(2) पुढे करतात: मृत्युपत्रानेच मर्यादित हक्क दिला तर तो मर्यादितच राहतो. दावा चालू आहे.

हक्काबाबत वाद निघाल्यास ‘लिहून देणार’, म्हणजे विकणाऱ्या काकू, भरपाई देतील, असं कलम खरेदीखतात आहे. लिहून देणार आता हयात नाहीत, आणि मागे त्यांनी काही ठेवलेलं नाही.