‘असंच पुढे करत जायचं’: टीव्हीवरच्या हस्तकला कार्यक्रमाचा सहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

वापर कसा केला ते आधी सांगायला हवं, कारण नुसतं बघणं आणि बघून करणं यात फार फरक पडतो. अर्ध्या तासाचा साप्ताहिक कार्यक्रम, सहा महिने. प्रत्येक भागातली किमान एक वस्तू, आणि तीही पडद्यावर जेवढं सांगितलं तेवढ्याच माहितीवर करायची, बाहेर कुठे शोधायचं नाही, हा नियम. करणारे १६ ते ३० वयातले. म्हणजे क्रोशाचा हुक धरता येतो, मशीनवर सरळ शिलाई मारता येते, पण हात अजून बसलेला नाही असे. कार्यक्रमाचं नाव मुद्दाम देत नाही. सगळ्यांचा साचा जवळपास एकच असतो, आणि तक्रार साच्याबद्दल आहे.

बघायला झकास, करायला अपुरा. आता अपुरा का, ते बघू. तरुण प्रेक्षक हवेत म्हणून या कार्यक्रमांनी गेल्या काही काळात वस्तू सोप्या केल्या, संगीत वाढवलं, दृश्यांची कापाकापी वेगवान केली. पण पाच मिनिटांत होणारी चकचकीत वस्तू फोनवर हवी तेवढी मिळते, तिच्यासाठी टीव्ही कोण लावेल? तरुण मंडळी टीव्हीकडून जे मागतात ते फोनवरच्या एका मिनिटात मावतच नाही: मधला भाग. सुरुवात आणि तयार वस्तू यांच्यामधला. तिथे हात अडतो, मोजणी चुकते, चिकटायचं ते चिकटत नाही. आणि नेमका तोच भाग ‘आणि असंच पुढे करत जायचं’ या वाक्यात गुंडाळला जातो.

वेळेचं गणित बघा. जाहिराती वजा केल्या की अर्ध्या तासात साधारण २२ मिनिटं उरतात. एका भागात तीन वस्तू घेतल्या तर प्रत्येकीला सात मिनिटं. त्यातून पाहुण्यांची ओळख, कौतुक आणि तयार वस्तू चहूबाजूंनी फिरवणं काढलं की कृतीला चार मिनिटं मिळतात. १० सेंटिमीटर उंचीचं क्रोशाचं साधं खेळणं सवय असलेल्या हातालाही चार-पाच तास घेतं. पाच तासांतली कुठली चार मिनिटं दाखवायची यातच कार्यक्रमाची परीक्षा आहे, आणि इथे बहुतेक वेळा मॅजिक रिंग (गोल विणकाम सुरू करायचा, ओढून घट्ट करता येणारा फास) सावकाश दाखवतात, मग थेट डोळे चिकटवतात.

क्रोशाच्या त्याच भागात सांगितलेलं वाक्य होतं, ‘दर फेरीत थोडे थोडे टाके वाढवत जायचे’. थोडे म्हणजे किती? मुक्या खांबाने (हुकावर वेढा न घेता घालायचा साधा टाका) चपटं वर्तुळ करायचं तर दर फेरीत ६: पहिल्या फेरीत ६, मग १२, १८, २४, ३०. सहापेक्षा कमी वाढवले तर वाटीसारखं वळतं, जास्त वाढवले तर कडेला झालर पडते. वाढवलेले टाके दर फेरीत बरोबर एकावर एक आले तर गोलाचा षटकोन दिसायला लागतो, म्हणून एकाआड एक फेरीत वाढीची जागा अर्ध्या अंतराने सरकवायची. फेऱ्या जोडल्याशिवाय गोल गोल जात असाल तर फेरी कुठे सुरू झाली ते कळत नाही. तिथे मार्कर किंवा दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवायचा. एवढं सांगायला चाळीस सेकंद लागतात. डोळे चिकटवायला त्याहून जास्त वेळ दिला होता.

त्याच वस्तूत हुकाचा नंबर सांगितला नाही. लोकरीच्या लेबलवर ४ मिमी लिहिलेलं असेल तर खेळण्याला २.५ ते ३ मिमी घ्यावा लागतो. नाहीतर टाक्यांमधून आतला कापूस डोकावतो, आणि भरल्यावर वस्तू ताणली गेली की आणखीच. शिवाय नावांचा घोळ आहेच. मुका खांब अमेरिकी नमुन्यात सिंगल क्रोशे असतो आणि ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे. एका वेढ्याचा खांब अमेरिकी डबल, ब्रिटिश ट्रेबल. सूत्रसंचालक तोंडाने ‘डबल’ म्हणतात आणि नमुना कुठला ते सांगत नाहीत. ब्रिटिश नमुना अमेरिकी समजून विणला की वस्तू उंच आणि भोकाभोकाची होते, आणि करणाऱ्याला वाटतं आपलाच हात सैल.

अंगावर घालायच्या वस्तूंमध्ये हे जास्त महागात पडतं. विणून पाहायचा नमुना-तुकडा पूर्ण सहा महिन्यांत एकदाच दिसला, तोही ‘हवं तर करा’ अशा सुरात. समजा नमुन्यात १० सेंटिमीटरला २० टाके धरले आहेत आणि तुमच्या हाताने १८ च बसतात. दोन टाक्यांचा फरक कुणाला मोठा वाटत नाही. पण १०० सेंटिमीटर घेरासाठी २०० टाके घातले की तयार घेर १११ सेंटिमीटर होतो. तुकडा १५ बाय १५ चा करायचा, धुऊन वाळवायचा आणि मधले १० सेंटिमीटर मोजायचे, कारण कडेचे टाके नेहमी ओढलेले किंवा सुटलेले असतात. तरुण विणकरांना याचा कंटाळा येतो ही समजूत खोटी आहे. कारण न सांगता करायला लावलं की मात्र येतो.

रेझिनचा भाग वेगळा लिहायला हवा. इथे अपुरी माहिती नुसती वस्तू बिघडवत नाही, त्वचाही बिघडवते.

पडद्यावर दोन बाटल्यांतलं द्रव (एकीत रेझिन, दुसरीत ते घट्ट करणारा हार्डनर) ‘सारखं सारखं’ घेतलं, ढवळलं, साच्यात ओतलं, फुलं टाकली, आणि पुढच्या क्षणी काचेसारखं पदक बाहेर. ‘सारखं’ म्हणजे मापाने की वजनाने, हे त्या अख्ख्या भागात कुणी बोललं नाही. बाटलीवर आकारमानाने १:१ लिहिलेलं असेल तर मापाच्या कपाने घ्यायचं. रेझिन आणि हार्डनर यांची घनता वेगळी असल्यामुळे तेच वजनाने सारखं घेतलं तर प्रमाण चुकतं. काही रेझिन २:१ असतात, म्हणजे ‘सारखं’ हा शब्दच चुकीचा. किती लागेल ते आधी साच्यात पाणी भरून मोजता येतं, पण नंतर साचा पूर्ण कोरडा हवा, ओल राहिली की तिथे दुधाळ डाग पडतो. ढवळणं तीन ते चार मिनिटं, सावकाश, कपाच्या कडा आणि तळ खरवडत. मग दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून आणखी एक मिनिट. पहिल्या कपाच्या भिंतीला न मिसळलेला थर राहतो आणि तोच शेवटी साच्यात पडला की त्या जागी चिकटपणा कायमचा राहतो. ‘आणखी दोन दिवस ठेवा, सुकेल’ हा सल्ला पडद्यावर दिला गेला, तो चूक आहे. प्रमाण किंवा ढवळणं चुकलेलं रेझिन थांबून सुकत नाही. चिकट भाग खरवडून, पुसून नवा पातळ थर द्यावा लागतो.

खोलीचं तापमान २२ ते २५ अंश बरं. थंडीत द्रव घट्ट होतो आणि बुडबुडे अडकतात. बंद बाटली दहा मिनिटं कोमट पाण्यात उभी केली की फरक पडतो. रंग मिश्रणाच्या ५ टक्क्यांच्या आत. पाण्यातला अॅक्रिलिक रंग सढळ हाताने घातला की वस्तू रबरासारखी राहते. ताजी फुलं घातली तर तपकिरी होतात, ती आधी सिलिका जेलमध्ये (ओल शोषणारे दाणे) पूर्ण वाळवावी लागतात. आणि पातळ थरासाठी बनवलेलं रेझिन एकदम ५ सेंटिमीटर खोल ओतलं तर ते आतून तापतं, पिवळं पडतं, तडकतं. त्या भागात बघणाऱ्याला हे काहीच कळत नाही, कारण तिथे सगळं पहिल्याच फटक्यात जमतं.

हातमोजे नव्हते. खिडकी उघडी आहे की नाही ते दिसलं नाही. न सुकलेलं इपॉक्सी (म्हणजे हेच रेझिन) त्वचेला पुन्हा पुन्हा लागलं तर ॲलर्जी बसू शकते, आणि ती पहिल्या वेळी न दिसता पंधराव्या वेळी दिसते. एकदा बसली की थोड्याशा संपर्कानेही खाज आणि पुरळ येतं. नायट्रिलचे हातमोजे, हवा खेळती, त्वचेला लागलं तर साबण-पाणी (स्पिरिट नाही, ते उलट पसरवतं), आणि सुकलेली वस्तू घासताना मास्क लावून ओल्या सँडपेपरने घासायचं. हे सांगणं कार्यक्रमाला रुक्ष वाटत असावं. तरुण मंडळी रेझिनकडे सर्वात जास्त वळतात, तेव्हा रुक्ष वाटलं तरी चालेल, सांगा.

पॉलिमर क्लेचा (ओव्हनमध्ये भाजून घट्ट होणारी माती) भाग त्या मानाने बरा होता. तापमान आणि वेळ सांगितली. फक्त ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत १०-२० अंशांचा फरक असू शकतो, म्हणून आत ठेवायचा वेगळा थर्मामीटर लागतो, एवढं राहिलं. नीट भाजलेला २ मिमीचा तुकडा गार झाल्यावर थोडा वाकतो. कटकन तुटला तर भाजणं कमी पडलं, पुन्हा भाजता येतं.

शिवणाचे नमुने कार्यक्रमाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात, ही खरोखर चांगली सोय. पण नमुन्यावर तपासणीचा चौकोन नाही. ५ बाय ५ सेंटिमीटरचा एक चौकोन छापलेला असला की पट्टी लावून लगेच कळतं. प्रिंटर ‘पानात बसवा’ या पर्यायावर असेल तर नमुना गुपचूप ९७ टक्के होतो आणि ९० सेंटिमीटरच्या छातीत २.७ सेंटिमीटर कमी पडतात. शिवणीसाठीची जास्तीची जागा धरली आहे की नाही, तेही लिहिलेलं नसतं. ताणणाऱ्या कापडाच्या टी-शर्टला साधी सुई वापरलेली दिसली. घरी करताना टाके सुटले, कारण टोकदार सुई विणीतले धागे भोसकते, गोल टोकाची बॉलपॉइंट सुई ते बाजूला सारते. ७५ नंबरची तशी सुई आणि सरळ शिलाईऐवजी अगदी अरुंद झिगझॅग, की काम झालं.

कॅमेऱ्याबद्दल मात्र नवल वाटतं. टीव्हीकडे तीन-तीन कॅमेरे असतात आणि तरी हात समोरून दाखवतात. समोरून बघताना डावं-उजवं उलटं होतं आणि डोक्यात आरसा फिरवावा लागतो. खांद्यावरून, करणाऱ्याच्या नजरेतून दाखवलं की निम्मे प्रश्न सुटतात. डावखुऱ्यांसाठी तेच दृश्य आडवं उलटवून शेवटी वीस सेकंद दाखवता येईल. शिकवताना काळी किंवा गडद निळी लोकर घेऊ नये, टाके दिसत नाहीत. फिक्या रंगाची, जाड, न फुललेली घ्यावी आणि खाली विरुद्ध रंगाचं कापड. हुक दोऱ्यात शिरला की दोन सेकंद थांबावं. संगीत बंद ठेवलं तरी कुणी चॅनल बदलणार नाही.

‘टाकाऊतून टिकाऊ’ हा भाग दर महिन्याला असतोच. प्लास्टिकच्या बाटलीला गोंद लावून लोकर गुंडाळली की फुलदाणी. आठवड्याभरात धूळ बसते, धुता येत नाही, आणि आता बाटली पुनर्वापरालाही जात नाही, लोकरही गेली. हे टाकाऊतून टाकाऊच. तरुणांना वस्तू टिकवण्यात रस आहेच, पण तो रफूत, जुनी जीन्स उसवून पुन्हा शिवण्यात, फाटलं तिथे मुद्दाम दिसेल असं भरतकाम करण्यात. रफूचा एक भाग झाला आणि तो सहा महिन्यांतला सर्वात उपयोगी निघाला. भोकाच्या कडेपासून १ सेंटिमीटर लांब, धड कापडात सुरुवात करायची. उभे धागे ओढायचे नाहीत. वळताना प्रत्येक टोकाला बारीक फास सैल सोडायचा, म्हणजे धुतल्यावर नवा दोरा आटला तरी कापड चुण्यांनी गोळा होत नाही. करणाऱ्या बाईंचा एक आडवा धागा चुकला, त्यांनी कॅमेऱ्यासमोर तो उसवला आणि पुन्हा घातला. कापला नाही तो भाग, याबद्दल संकलकाचे आभार.

घड्याळ लावून चालणारे स्पर्धेचे भाग करमणूक म्हणून ठीक. शिकायला नको. वेळ नाही म्हणून सगळं ग्लू गनने चिकटतं. पण तो गोंद उष्णतेने मऊ होतो, आणि उन्हातल्या बंद गाडीत ठेवलेल्या वस्तूचे जोड सुटतात. लाकूड-कागदाला पांढरा गोंद आणि अर्धा तास दाब लागतो. अॅक्रिलिक रंग हाताला अर्ध्या तासात कोरडा लागतो, पण वार्निश दुसऱ्या दिवशी. स्पर्धेत दुसरा दिवस नसतो.

बोलण्याची पद्धत हा शेवटचा मुद्दा, लहान पण टोचणारा. प्रत्येक भागाची सुरुवात ‘मैत्रिणींनो’ने होते. विणणारे, शिवणारे मुलगे आता कमी नाहीत, त्यांना पहिल्याच शब्दात दाराबाहेर ठेवण्याचं कारण नाही. ‘अगदी सोप्पं आहे’ हेही बंद व्हावं. जमलं नाही तर सोपीही गोष्ट आपल्याला येत नाही, असं ऐकणाऱ्याला वाटतं. त्याऐवजी ‘पहिल्या दोन वेळा वाकडं होईल, तिसऱ्यांदा बसेल’ असं म्हणा.

सध्या वापरायचाच असेल तर रेकॉर्ड करून बघा. पहिल्यांदा न थांबता, दुसऱ्यांदा कागद-पेन घेऊन: साधनाचा नंबर, माप, तापमान, वाळायचा वेळ. यातलं जे सांगितलेलं नाही त्यासमोर फुली मारा. तीनपेक्षा जास्त फुल्या आल्या तर त्या आठवड्याची वस्तू सोडा. रफू, पॉलिमर क्ले आणि साधं भरतकाम बिनधास्त घ्या. अंगावरचं विणकाम घ्यायचं तर आधी आपला तुकडा मोजा. रेझिन यावरून शिकू नका, बाटलीसोबत आलेला कागद शेवटपर्यंत वाचा.