चाच्यांच्या मोहिमेसाठी घेतलेली नियमपुस्तके: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या गटात टेबलावर फाशांनी खेळायच्या रोलप्लेइंग खेळातील समुद्री चाच्यांची मोहीम, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी एक सलग कथा, सुरू आहे. पाच खेळाडू आणि डीएमच्या (कथा चालवणाऱ्या सूत्रधाराच्या) खुर्चीवर मी. सर्वांना डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या पाचव्या आवृत्तीची सवय असल्यामुळे मूळ नियम बदलायचे नाहीत आणि जहाज, खलाशी, लूट व बंदरे यांच्यासाठी लागेल तेवढेच बाहेरून आणायचे, असे आधीच ठरले होते. खरेदी करण्याच्या विचारात असलेल्यांना एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. या प्रकारची बहुतेक पुस्तके जहाजांच्या लढाईचे नियम पुढे करून विकली जातात, पण प्रत्यक्ष खेळात मोहीम टिकते ती दोन लढायांच्या मधल्या काळावर, म्हणजे जहाजावर प्रत्येकाला काय काम आहे आणि मिळालेल्या लुटीत कोणाचा किती वाटा, यावर.

सर्वाधिक वापर झाला तो 2019 साली आलेल्या ‘घोस्ट्स ऑफ सॉल्टमार्श’चा. त्यातील साहसकथा म्हणजे 1980 च्या दशकातील आणि नंतरच्या जुन्या कथांचे नवे रूप आहे. त्या चांगल्या आहेत, पण त्यांतील बऱ्याच किनाऱ्यावरच घडतात आणि खेळाडू चाचे असतील असे गृहीत धरत नाहीत. पुस्तकाची खरी किंमत वसूल होते ती शेवटी दिलेल्या जहाजांच्या परिशिष्टात. तेथे जहाजाचा सांगाडा, सुकाणू, शिडे आणि शस्त्रे यांचे हिट पॉइंट (किती इजा सोसता येते तो आकडा) वेगवेगळे दिले आहेत, त्यामुळे शत्रूचे जहाज बुडवायचे की शिडे फाडून ते जागीच अडकवायचे, हा निर्णय खेळाडूंना घ्यावा लागतो. चाच्यांना जहाज बुडवून काहीच मिळत नसल्याने ही विभागणी मोलाची ठरते. कप्तान, फर्स्ट मेट (कप्तानाचा मदतनीस), बोसन (डागडुजी पाहणारा), क्वार्टरमास्टर (येथे मार्ग आखणारा), सर्जन आणि स्वयंपाकी अशी सहा पदेही तेथे आहेत. आमच्या गटातील लढाईत कायम मागे राहणाऱ्या खेळाडूने स्वयंपाक्याचे पद मागून घेतले आणि खलाशांच्या मनःस्थितीचा अंक राखण्याचे काम इतक्या चोख बजावले की कप्तानापेक्षा त्याचा शब्द जहाजावर अधिक चालू लागला. हा अंक उणे 10 पासून अधिक 10 पर्यंत जातो, आणि तो घसरत गेला की बंडाळीची भीती उभी राहते. कागदावर हा नियम रुक्ष वाटतो, पण पिण्याचे पाणी संपत आले असताना तोच सगळ्या टेबलाचा विषय होतो.

याच परिशिष्टातील तोफांविना लढाई मात्र फार लांबते. शिडाच्या साध्या जहाजाला 300 हिट पॉइंट आणि 15 चा डॅमेज थ्रेशोल्ड आहे, म्हणजे एका फटक्यात 15 पेक्षा कमी इजा झाली तर ती मोजायचीच नाही. बॅलिस्टाच्या (मोठे बाण फेकणाऱ्या यंत्राच्या) इजेसाठी तीन दहाबाजू फासे टाकायचे असतात. हिशेब केला तर लागलेल्या नेमांपैकी सुमारे एक तृतीयांश थ्रेशोल्डखाली जाऊन वाया जातात आणि केवळ बॅलिस्टावर विसंबून सांगाडा फोडायचा तर वीसच्या वर नेम लागावे लागतात. दुसरीकडे, पाचव्या पातळीच्या जादूगाराचा फायरबॉल हा आगीचा मंत्र 150 फुटांवर सरासरी 28 ची इजा करतो आणि कोणी अंगावर न बाळगलेल्या ज्वलनशील वस्तू पेटवतो. शिडे, दोरखंड, डांबर लावलेल्या फळ्या अशा जहाजावर याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको. आमच्याकडे यावर उपाय म्हणून घरचा नियम केला: सावध जहाज लढाईआधी शिडे भिजवून घेते, भिजलेले शीड पहिल्या आगीला दाद देत नाही, पण जहाजाचा वेग तेवढ्यापुरता उतरतो. एवढ्या एका ओळीने लढायांना पुन्हा डावपेच आले. ‘वॉटर ब्रीदिंग’ या मंत्राकडेही डीएमने आधीच लक्ष द्यावे. तो दहा जणांना 24 तास पाण्याखाली श्वास घेऊ देतो, आणि विधी म्हणून केल्यास जादूगाराचे काहीच खर्च होत नाही, त्यामुळे बुडण्याच्या भीतीवर बेतलेले प्रसंग तिसऱ्या पातळीचे मंत्र हाती आले की निकालात निघतात.

नकाशाबाबत एक छोटी सूचना. शिडाचे जहाज ताशी दोन मैल जाते, हे वाचून लोक हसतात, पण ते रात्रंदिवस चालते, म्हणजे दिवसाला 48 मैल होतात. बेटांमधील अंतरे या आकड्याच्या पटीत आखली की प्रवासाचे दिवस मोजायला कागद-पेन्सिल लागत नाही.

लुटीसाठी मी पाथफाइंडर या डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारख्याच दुसऱ्या खेळाच्या ‘स्कल अँड शॅकल्स’ या 2012 च्या सहा भागांच्या मोहिमेकडे गेलो आणि त्यातील दोन कल्पना पाचव्या आवृत्तीत जशाच्या तशा बसल्या. पहिली म्हणजे लुटीचा गुण: पकडलेल्या जहाजावरील कापड, मसाले, लाकूड यांची यादी करत बसण्याऐवजी हजार सुवर्णनाण्यांचा एक गुण धरायचा. दुसरी म्हणजे कुख्याती. बंदरावर उतरून दिवसभर आपल्या पराक्रमाच्या बढाया मारायच्या, फासा टाकायचा, आणि हवे असल्यास लुटीचा गुण उधळून त्या फाशाला बळ द्यायचे. लूट साठवावी की नाव कमवावे, हा पेच आमच्या टेबलावर दर बंदरात नव्याने उभा राहतो. मोहिमेचा पहिला भाग मात्र जपून वापरावा. खेळाडूंना जबरदस्तीने एका जुलमी जहाजावर राबायला लावले जाते आणि तेथील दिवस एकेक करून खेळायचे असतात. आमच्यासारख्या कामाचा आठवडा संपवून रविवारी जमणाऱ्या मंडळींना सुट्टीच्या दिवशीही साहेबाची बोलणी खाणे फारसे रुचत नाही. मी तो भाग कापून एका संध्याकाळीत बसवला. पाथफाइंडरचे बहुतेक नियम ‘आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस’ या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, त्यामुळे नियम पाहून मगच पुस्तक घेता येते.

पैसे न देता मिळालेले सर्वांत उपयुक्त साधन रोलप्लेइंगचे पुस्तकच नाही. कॅप्टन चार्ल्स जॉन्सन या नावाने 1724 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाच्यांच्या इतिहासात बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या चाच्याच्या जहाजावरील करारनामा दिला आहे. त्यानुसार महत्त्वाच्या बाबींत प्रत्येकाला मत, रात्री आठला दिवे बंद, आणि वाटणी अशी: कप्तान व क्वार्टरमास्टर यांना दोन वाटे, मास्टर, बोसन व गनर यांना दीड, इतर अधिकाऱ्यांना सव्वा. पैसे लावून फासे खेळण्यास मनाई आहे, हे कलम आम्ही अर्थातच वगळले. खेळाडूंना मी हा मसुदा देऊन स्वतःचा करारनामा लिहायला सांगितला. जादूगाराने दीड वाटा मागितला, बोसनने ‘मंत्र संपले की तू सव्वाचाही नाहीस’ असे सुनावले, आणि पहिली खरी रंगतदार चर्चा शत्रूचे एकही जहाज दिसण्याआधी झाली.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. ‘सेव्हन्थ सी’ या रोलप्लेइंग खेळाची 2016 ची दुसरी आवृत्ती देखणी आहे, परंतु फाशांची बेरीज करून दहा-दहाचे गट पाडायची तिची पद्धत इतकी वेगळी आहे की तिच्यातून फक्त वातावरण उचलता येते. ‘पायरेट बोर्ग’ हे 2022 चे पुस्तक याच्या उलट टोकाचे: नियम मोजके, पात्रे पटापट मरतात, आणि तक्ते इतके भरगच्च की ऐनवेळी बेट किंवा बेवारस जहाज हवे असेल तर मी अजूनही आधी तेच उघडतो. त्यात बंदुका आणि तोफाही आहेत, ज्यांचा पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांत तुटवडा आहे.

शेवटची भर आपल्याच किनाऱ्यावरून घेतली. कान्होजी आंग्रे हे मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. त्यांना चाचे म्हणणे ही ईस्ट इंडिया कंपनीची सोय होती, त्यामुळे त्यांना मोहिमेत चाचे म्हणून आणले नाही. मात्र त्यांच्या आरमाराची रीत जहाजांच्या लढाईसाठी उचलण्याजोगी आहे. वारा पडला की वल्ह्यांची गलबते मोठ्या गुराबांना (शिडाच्या लढाऊ जहाजांना) ओढत नेत आणि शत्रूच्या कमी तोफा असलेल्या पिछाडीवर, नाळेतील (जहाजाच्या पुढच्या टोकावरील) तोफांनी मारा करत. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने गलबतांचा वल्ह्यांवरील वेग ताशी चार मैल दिला आहे, आणि योगायोगाने पाचव्या आवृत्तीत गॅली या वल्ह्यांच्या मोठ्या जहाजाचा वेगही तेवढाच आहे. म्हणून आम्ही दर लढाईच्या आरंभी वाऱ्यासाठी एक फासा टाकतो. वारा पडला तर शिडाचे जहाज जागीच थांबते, वल्ह्यांच्या होड्या त्याच्याभोवती फिरू शकतात, आणि पिछाडीवरून केलेल्या माऱ्याला डॅमेज थ्रेशोल्ड लागू होत नाही. हा नियम आल्यापासून खेळाडूंनी मोठे जहाज विकत घेण्याचा बेत सोडला असून सध्या ते दोन लहान वल्ह्यांच्या होड्यांसाठी पैसे साठवत आहेत.