फुलोरा वाढवणारे खत : सहा लिंबाची झाडे, दहा महिने आणि एक बिनखुणांचे झाकण

जून २०२४ मध्ये मी कृषी सेवा केंद्रातून 'फुलोरा वाढवणारे' द्रवरूप खत आणले. निव्वळ वजन १ किलो, नत्र-स्फुरद-पालाश ३:१०:१० टक्के, सोबत समुद्री शेवाळाचा अर्क आणि किंमत ६४० रुपये. सप्टेंबरमध्ये दुसरी बाटली घेतली. आज एप्रिल २०२५ मध्ये तिचा चतुर्थांश भाग शिल्लक आहे. उत्पादकाचे नाव लिहीत नाही, कारण अशाच घडणीच्या बाटल्या निरनिराळ्या नावांनी सर्वत्र मिळतात आणि माझे म्हणणे त्या सर्वांना लागू पडते.

आमचे घर शिरूर तालुक्यात आहे. घराच्या मागे साई सरबती जातीची कागदी लिंबाची सहा झाडे आणि केशर आंब्याचे एक झाड आहे. लिंबाची झाडे सात वर्षांची असून एकाच दिवशी लावलेली आहेत. चार झाडे घरालगत मध्यम काळ्या जमिनीत आहेत, तर दोन गोठ्यामागे मुरमाड जमिनीत आहेत. बाटली महाग वाटल्यामुळे लिंबांपैकी मी ती फक्त घरालगतच्या चार झाडांना वापरली. या काटकसरीमुळे उरलेली दोन झाडे तुलनेसाठी आपोआप बाजूला राहिली आणि दहा महिन्यांनी जे काही समजले ते त्यांच्यामुळेच समजले.

सर्वांत आधी झाकणाविषयी लिहितो, कारण पहिल्या दिवसापासून त्याचा त्रास होत आहे. लेबलवर एका ठिकाणी 'फवारणीसाठी २ मिली प्रतिलीटर' असे छापले आहे आणि त्याखालीच 'एका पंपाला एक झाकण' असेही छापले आहे. झाकणावर मापाची एकही खूण नाही. मी औषधाच्या दुकानातून सिरिंज आणून झाकण मोजले, तेव्हा त्यात काठोकाठ २२ मिली द्रव मावला. पाठीवरचा पंप १५ लीटरचा असतो, म्हणजे २ मिलीच्या हिशेबाने ३० मिली द्रव हवा. एकाच लेबलवरच्या दोन सूचनांमध्ये पाव हिश्श्याहून अधिक फरक पडतो आणि खरी मात्रा कोणती, हे ६४० रुपये मोजणाऱ्याने स्वतः ठरवायचे! त्यातच झाकणाच्या आतला पांढरा पातळ चकता तिसऱ्या वापरातच निघून आला. त्यानंतर बाटली आडवी झाली की काळसर चिकट ओघळ फडताळात पसरत असे.

लेबलवरच्या ग्राहक क्रमांकावर मी तीन वेळा दूरध्वनी केला. तिसऱ्या वेळी उत्तर मिळाले, "साहेब, अंदाजाने घ्या. थोडं जास्त झालं तरी झाडाला काही होत नाही." मला हे उत्तर अजिबात पटले नाही. जे खत जास्त घालून काही होत नाही, ते मोजून घालून काय होणार, असा प्रश्न मी त्यांना विचारला, तेव्हा तक्रार नोंदवून घेतल्याचे सांगण्यात आले. बदली झाकण आजपर्यंत आलेले नाही. दुकानदारानेही हात वर केले. शेतकरी मात्रा चुकवतो म्हणून त्याला बोल लावला जातो. माप न देणाऱ्याला मात्र कोणी विचारत नाही, याची मला खरोखर चीड येते.

आता मुख्य विषयाकडे वळतो. जून ते नोव्हेंबर मी चारही झाडांना दरमहा प्रत्येकी दहा लीटर पाण्यात ५ मिली प्रतिलीटर प्रमाणे आळवणी केली, म्हणजे ते मुळांशी ओतले, आणि एकूण आठ फवारण्या केल्या. ऑगस्टमध्ये झाडे काळीभोर हिरवी झाली, नवी पालवी जोमाने आली आणि ऑक्टोबरमध्ये शेंड्यांवर तुरळक फुलेही दिसली. त्या वेळी मी समाधानी होतो आणि शेजारच्या दोघांना ही बाटली घेण्याचा सल्लाही दिला. तो सल्ला मी आता मागे घेत आहे, कारण त्या दिवसांत मी गोठ्यामागे जाऊन उरलेली दोन झाडे पाहिलीच नव्हती. नोव्हेंबरअखेर पाहिली तेव्हा त्यांच्यावरही तशीच तुरळक लिंबे लागलेली होती.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बोअरची मोटार जळाली. ती वर काढताना पाइप तुटला आणि मोटार आतच अडकली. घराला ग्रामपंचायतीच्या नळाचे पाणी होते, परंतु झाडांना पाच आठवडे थेंबभर पाणी मिळाले नाही. पाने दुपारी मलूल होऊन आत वळू लागली, पुढे सकाळीही तशीच राहू लागली. जानेवारीच्या मध्यापर्यंत गोठ्यामागच्या झाडांची अंदाजे एक तृतीयांश पाने पिवळी पडून गळाली. सात वर्षे जपलेली झाडे हातची जातात की काय, या काळजीने मला झोप लागत नव्हती. आई मात्र निश्चिंत होती. "अरे, पाणी तोडल्याशिवाय लिंबू कधी भरून फुलतं का? मामंजी मार्गशीर्षात बागेचं पाणी मुद्दाम बंद करायचे," असे ती म्हणाली. माझ्या आजोबांचा उल्लेख ती नेहमी मामंजी असाच करते.

२० जानेवारीला नवी मोटार सुरू झाली. आईच्या सांगण्यावरून झाडांभोवतीची आळी हलकी चाळली, शेणखत घातले, पहिले आंबवणीचे पाणी बेताने दिले आणि आठवड्याने चिंबवणीचे, म्हणजे दुसरे पाणी दिले. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सहाही झाडे फुलली. इतका फुलोरा मी या झाडांवर कधी पाहिला नव्हता. कोवळ्या पालवीच्या प्रत्येक बेचक्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या कळ्यांचे झुबके होते. सकाळी झाडाखाली उभे राहिले की पाकळ्या खांद्यावर पडत आणि मधमाश्यांचा गुंजारव ओसरीपर्यंत ऐकू येत असे.

नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर या वेळी मी विसंबलो नाही. प्रत्येक झाडाच्या चार दिशांच्या चार फांद्यांना लाल दोरा बांधला आणि दोऱ्यापासून शेंड्यापर्यंत हातभर अंतरातल्या कळ्या व फुले मोजली. बाटली दिलेल्या चार झाडांवर फांदीमागे सरासरी ३१ भरली आणि न दिलेल्या दोन झाडांवर ३८. एवढ्याशा मोजणीवरून बाटलीमुळे फुले कमी आली असे मी म्हणणार नाही. मुरमाड जमीन लवकर कोरडी पडते, त्यामुळे त्या दोन झाडांना पाण्याचा ताण अधिक कडक बसला हे उघड आहे. परंतु बाटलीमुळे फुले वाढली, असेही या आकड्यांसमोर कोणी म्हणू शकणार नाही.

यामागचे कारण समजून घेतले तेव्हा माझा राग काहीसा निवळला, कारण यात जादू नव्हती तशी गूढताही नव्हती. नत्र पानांसाठी, स्फुरद मुळे-फुलांसाठी आणि पालाश फळांसाठी, ही शाळेतली त्रिसूत्री आपल्या डोक्यात पक्की बसलेली आहे आणि बाटलीची सगळी जाहिरात तिच्यावरच उभी आहे. स्फुरद झाडाच्या प्रत्येक पेशीला ऊर्जेच्या देवाणघेवाणीसाठी लागते. त्याची कमतरता असेल तर मुळे, वाढ आणि फुले या सगळ्यांवरच परिणाम होतो. मात्र जमिनीत ते पुरेसे असताना आणखी घातल्याने झाडाला फुलण्याचा हुकूम मिळत नाही. लिंबूवर्गीय झाडांत तो हुकूम मुख्यतः थंडीतून किंवा पाण्याच्या ताणातून येतो. आपल्याकडे कडाक्याची थंडी फार दिवस टिकत नसल्याने ताणालाच अधिक महत्त्व आहे. ताण बसला की शेंड्यांची वाढ थांबते, पानांनी तयार केलेले अन्न फांद्यांत साठते, फुलांना अडवणाऱ्या जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाचा जोर कमी होतो आणि पाणी मिळताच फांद्यांवरचे डोळे फुलांसह फुटतात. आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, धरणे म्हणतात ते हेच. मी सहा महिने दर पंधरा-वीस दिवसांनी ओलावा आणि नत्र पुरवून झाडांना पालवीतच गुंतवून ठेवत होतो.

मार्चमध्ये माती तपासून घेतली. सामू (आम्ल-विम्ल निर्देशांक) ८.१, सेंद्रिय कर्ब कमी, स्फुरद मध्यम, पालाश भरपूर आणि जस्त कमी, असा अहवाल आला. म्हणजे बाटलीत ज्या पालाशसाठी मी पैसे मोजले ते माझ्या जमिनीत आधीच भरपूर होते आणि ज्या जस्ताची उणीव होती ते बाटलीत नव्हतेच.

येथे मला स्वतःचे आणखी एक मत दुरुस्त करावे लागत आहे. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसत होता, पाने अरुंद आणि लहान राहिली होती. जास्त स्फुरदामुळे जस्ताचे शोषण कमी होते हे ठाऊक असल्याने मी हा दोष बाटलीवर टाकला आणि विक्रेत्यालाही तसे सुनावले. नंतर गणित केले. मी वापरलेल्या सुमारे पावणेदोन किलो द्रवातून एकूण १७५ ग्रॅम स्फुरद गेले, म्हणजे केशरला दिलेले थोडेसे वजा न करता लिंबाच्या झाडामागे ४४ ग्रॅम. मोठ्या कागदी लिंबाच्या झाडाला वर्षाला ६०० ग्रॅम नत्र, ३०० ग्रॅम स्फुरद आणि ६०० ग्रॅम पालाश देण्याची शिफारस आहे. त्यापुढे ४४ ग्रॅमने जस्त अडावे इतकी या बाटलीत ताकदच नाही. शिवाय गोठ्यामागच्या झाडांवरही तीच पिवळी पाने होती. दोष चुनखडीच्या जमिनीचा आहे आणि विक्रेत्याला त्या बाबतीत मी अन्यायाने बोललो. फळधारणा झाल्यावर ०.५ टक्के झिंक सल्फेट आणि त्याच्या निम्म्या चुन्याची निवळी फवारली, त्यानंतरची पालवी चांगली आली आहे.

हेच गणित पैशांत मांडले की मात्र मन अस्वस्थ होते. झाडामागे बाटलीचे २८० रुपये खर्च झाले. तेवढेच ४४ ग्रॅम स्फुरद सुमारे २७५ ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेटमधून मिळते आणि त्याला साधारण तीन रुपये पडतात. फवारणीतून पानांना थेट मिळते, हा युक्तिवादही मी तपासला. ३० मिली द्रवातून एका पंपात साडेतीन ग्रॅमच्या आसपास स्फुरद जाते आणि ते चार झाडांत वाटले जाते. एका झाडाच्या वाट्याला एक ग्रॅमही येत नाही. पानांतून द्यायचेच असेल तर ०:५२:३४ हे विद्राव्य खत एक किलोच्या पुड्यात मिळते. त्याच्या एका किलोत ५२० ग्रॅम स्फुरद असते आणि मी खत घेतो त्या दुकानात त्याची किंमत २१० रुपये होती.

केशरविषयी थोडक्यात लिहितो. त्यालाही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन आळवण्या मिळाल्या होत्या. त्यानंतर त्यावर तांबूस कोवळी पालवी आली आणि मोहोर एका बाजूच्या पक्व फांद्यांवरच आला. आंब्याची काडी, म्हणजे मोहोर येणारी शेंड्याची फांदी, पक्व असावी लागते आणि तिला थंड रात्री मिळाव्या लागतात, कोवळ्या पालवीला मोहोर येत नाही. फिलिपिन्समध्ये रामोन बार्बा यांनी १९७०च्या दशकात पोटॅशियम नायट्रेटच्या फवारणीने आंब्याला मोहोर आणून दाखवला, त्याचा दाखला विक्रेते हमखास देतात. पण ती फवारणीही पक्व काडीवरचे तयार डोळे जागे करते, कोवळ्या काडीला पक्व करत नाही. कोकणात हापूसला जुलै-ऑगस्टमध्ये जे पॅक्लोब्युट्राझोल देतात, ते तर खत नसून जिबरेलिन तयार होण्यास अटकाव करणारे वाढनिरोधक आहे. त्याची मात्रा झाडाच्या फांद्यांच्या पसाऱ्याच्या व्यासावर काटेकोर ठरवावी लागते. तिन्ही गोष्टी 'फुलोऱ्याचे औषध' या एकाच नावाने मागितल्या जातात आणि मग दुकानदार हाताला येईल ती बाटली देतो.

ज्यांची जमीन खरोखर स्फुरदाला गरीब आहे, अशांना स्फुरदाचा उपयोग नक्की होईल. कोकणातल्या जांभ्या मातीत तर लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतात. तरीही स्फुरदाची गरज आधी मातीच्या अहवालावरून ठरवावी आणि ते साध्या खतातून द्यावे, असेच मी सांगेन. कुंडीतल्या झाडांचा अनुभव माझ्याकडे नाही. लिंबाला ताण देणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की माझे पाच आठवडे अपघाताने जुळून आले. भारी काळ्या जमिनीत ताण बसायला अधिक काळ लागतो, तर मुरमाड जमिनीत इतका काळ झाडाला सोसत नाही. पाने मलूल होऊन गळू लागली की पाण्याची वेळ झाली असे समजावे. अशक्त किंवा कोवळ्या झाडाला ताण देऊच नये.

पाचपैकी एक तारा देत आहे आणि तोही केवळ खत पानांना जाळत नाही म्हणून. उरलेली पाव बाटली आईच्या शेवंतीच्या कुंड्यांना सिरिंजने मोजून देतो आहे. शेजारच्या दोघांना मी घरी बोलावून लाल दोरे बांधलेल्या फांद्या दाखवल्या. त्यांपैकी एकाने बाटली अद्याप उघडलेली नव्हती, ती दुकानदाराने परत घेतली. झाकणाबद्दल चौथी तक्रार या वेळी पत्राने केली आहे आणि त्यासोबत सिरिंजशेजारी ठेवलेल्या झाकणाचे छायाचित्र जोडले आहे.